अंदमानचा कोलू (माणसांकडून फिरवला जाणारा तेलघाणा): उत्पन्नासाठी की शिक्षेसाठी?

आडकित्ता:
‘इंग्रजांनी कैदी फुकटात राबवून पैसा केला’ हे वाक्य सेल्युलर जेलबद्दल सर्रास वापरलं जातं. मला ते पटत नाही. तिथली कामं माणूस मोडण्यासाठीच आखलेली होती. काथ्याचंच बघा. कोकणात, केरळात नारळाची सोडणं (वरची जाड सालपटं) खाडीच्या पाण्यात कित्येक महिने कुजत घालतात, मग थोडं ठेचलं तरी तंतू सुटतो. सेल्युलरमध्ये कैद्यापुढे वीसेक नारळांची सुकी सोडणं टाकत. ती ओंडक्यावर ठेवून मोगरीने ठेचायची, वरची साल सोलायची, भिजवून पुन्हा ठेचायची, भुसा झाडायचा, तंतू उन्हात वाळवून संध्याकाळी वजनाला द्यायचे. सुक्या सोडणावर मोगरी उसळते, तळहाताला फोड येतात, दुसऱ्या दिवशी त्याच फोडांवर दांडा घासतो. चहूकडे समुद्र असताना सोडणं कुजत घालायला काय अडचण होती?

पाणवठा:
असहमत. कुजवायला महिने लागतात, आणि मजुरीला पैसे मोजावे लागतात तेव्हाच कुजवण्यात बचत होते. इथे कैद्याच्या जेवणाचा आणि पहाऱ्याचा खर्च होणारच होता. त्यावर जो काथ्या, जे तेल निघेल तो सरकारचा फायदा. बंगालचे तुरुंग-निरीक्षक फ्रेडरिक मुआट एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच तुरुंगात कारखाने चालवा म्हणून आग्रह धरत होते. अलीपूरच्या तुरुंगात गोणपाट विणलं जाई, येरवड्याचे गालिचे नावाजलेले होते. मग अंदमानच तेवढा हिशेबाबाहेर कसा?

रानजाई:
हिशेबच करू. कोलूवर दिवसाला ३० पौंड खोबरेल किंवा १० पौंड मोहरीचं तेल काढायचं असा नेम होता. ३० पौंड म्हणजे साडेतेरा किलोच्या वर. घाण्यात पेंडीत बरंच तेल राहून जातं, म्हणजे २४-२५ किलो खोबरं भरडावं लागणार. माणूस दिवसभरात बैलाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपासच जोर लावू शकतो, आणि लाट (उखळात फिरणारा जड दांडा) मात्र बैलाच्या घाण्यासारखीच. सुरुवातीला खोबरं कोरडं असतं तेव्हा ती हलकी फिरते. तेल सुटायला लागलं की पेंड चिकटते, उखळाच्या कडेला घट्ट बसते आणि नेमका माणूस थकलेला असतानाच जोर वाढवावा लागतो. पोर्ट ब्लेअरला जवळपास आठ महिने पाऊस. दमट खोबऱ्यातून तेल कमी सुटतं, पण नेम तोच.

पाणवठा:
तरीही तेल रोज मोजून घेतलं जाई, हे विसरू नका. आणि अंदमानातल्याच चॅथम बेटावरची आरागिरणी बघा, १८८३ ची. जंगलातला ओंडका तोडण्यापासून वाहून नेण्यापर्यंत कैदीच. ती काय शिक्षा म्हणून उभारली?

आडकित्ता:
चॅथमबद्दल मान्य. जंगल, आरागिरणी, रस्ते इथे मजुरीचाच हिशेब होता. पण चर्चा सेल्युलरची आहे. १८९० मध्ये लायल आणि लेथब्रिज या सरकारी अधिकाऱ्यांनी अंदमानची पाहणी केली तेव्हा त्यांची तक्रारच अशी होती की काळ्या पाण्याचा धाक उरलेला नाही, कैद्यांना मायदेशातल्या तुरुंगापेक्षा अंदमान बरं वाटतं. म्हणून आल्या आल्या एकांत कोठडीचा कडक टप्पा असावा असं त्यांनी सुचवलं. त्यातून १८९६ ते १९०६ मध्ये सात पाख्यांचा (विंगांचा) हा तुरुंग बांधला गेला. एका पाख्याच्या कोठड्यांसमोर दुसऱ्याची पाठ, म्हणजे समोरासमोर बोलणंही नाही. तेल मोजलं जायचं ते मला तरी शिक्षेचं माप वाटतं. १८९४ च्या तुरुंग कायद्यातही कामात हयगय हा तुरुंगातला गुन्हा होता. त्याला बेड्या, गोणपाटाचे कपडे, शिक्षेचा आहार आणि ३० पर्यंत फटके. नुसत्या व्यापाऱ्याने तेल कमी भरलं म्हणून मजुराला गोणपाट नेसवलं असतं का?

रानजाई:
त्याच कायद्यात आणखीही होतं. कामाचे तास ९ च्या वर नकोत, काम करणाऱ्या कैद्याचं वजन निदान पंधरवड्यातून एकदा त्याच्या तिकिटावर (कैद्याच्या नोंदपत्रावर) नोंदवायचं, आणि प्रकृती ढासळतेय असं डॉक्टरला वाटलं तर काम बदलायचं. म्हणजे जड कामाने माणूस झिजतो हे सरकारला चांगलं ठाऊक होतं. नेम मात्र प्रत्येकाला सारखा, मग तो लोहार असो की कॉलेजातला पोरगा. सकाळी कांजी, रात्री कोठडीत शौचाला एक मडकं, आणि ते भरलं तरी दार उघडायचं नाही. वर पेटी ऑफिसर, म्हणजे कैद्यांवर नेमलेले मुकादम, हे स्वतः कैदीच. माप कमी भरलं की जेलर डेव्हिड बॅरीपुढे त्यांनाही उत्तर द्यावं लागे, म्हणून मारहाण तिथूनच सुरू व्हायची. राजकीय कैदी इंदुभूषण रॉय यांनी १९१२ मध्ये कोठडीतच गळफास घेतला. त्याच वर्षी त्यांचे सहकैदी उल्लासकर दत्त यांचं मानसिक संतुलन ढळलं. उत्पन्न की शिक्षा हे तुम्ही दोघं ठरवा, पण माझा मुद्दा त्या तिकिटाचा आहे. झीज मोजायचा काटा कायद्यात होता, आणि तरी या दोघांच्या बाबतीत कोणी वेळेवर हात दिला नाही.

पाणवठा:
हा मुद्दा मी मानतो. नफ्याचं माझं म्हणणं अंदमानच्या बाकी वसाहतीपुरतं ठेवतो, कोलूपुरतं मागे घेतो.