मागच्या टेबलावरचे लोक खरंच बोलतात का?

कोथरूडकर: सिरियलमध्ये हॉटेलचा सीन असला की मागे लोक गप्पा मारताना दिसतात पण ऐकू काहीच येत नाही, नुसते ओठ हलवतात का?

पेठेतली: हो, नुसते ओठ. पुण्यात लॉ कॉलेज रोडच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या मुलांसाठी मी बसलेय अशी मागे. मेन संवाद माइकवर स्वच्छ यावा म्हणून कपबशीसुद्धा आवाज न करता ठेवायची, कुजबुज नंतर वेगळी घालतात, आणि प्रत्येक टेकला घोट त्याच शब्दावर घ्यायचा नाहीतर एडिटिंगला शॉट जुळत नाही. फार अवघड काम आहे हो!

डेक्कनवाला: +१. ‘गांधी’ (१९८२) सिनेमातल्या अंत्ययात्रेत सुमारे ३ लाख लोक होते, त्यांच्याशिवाय तो सीन उभाच राहत नाही.

कोथरूडकर: टायटल्समध्ये नाव येतं का यांचं?

पेठेतली: बहुतेकदा नाही. यायलाच हवं.