जुन्या अल्टोचं ब्रेक ऑइल: कधी बदलायचं?

कुंभार्लीकर
अल्टो 2009 ची, मामांकडून घेतलेली. चिपळूण-कराड जाणं-येणं असतं. ब्रेक ऑइलची पातळी टाकीवरच्या मिन (किमान) खुणेच्या वर आहे, पण रंग कोऱ्या चहासारखा. आधी कधी बदललं होतं विचारलं, तर मामा म्हणाले, "ते बदलायचं असतं होय?" परवा चौघं जण आणि सामान घेऊन कुंभार्ली घाट उतरलो, पोफळीत पोचेपर्यंत पेडल नेहमीपेक्षा खोल जायला लागलं. गाडी थोडा वेळ उभी केली, पुन्हा कडक. गॅरेजवाला म्हणतो, पातळी आहे ना, मग चालू द्या. काय करू?

पाना_नंबर_दहा
बदला, आणि तोवर घाटात जाऊ नका.

गाडी थंड झाल्यावर पेडल आपोआप कडक झालं, म्हणजे ऑइल उकळलं असणार. हे ऑइल हवेतली ओल ओढतं. डॉट 3 म्हणजे ऑइलचा ग्रेड, नव्याचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश. त्यात पावणेचार टक्के पाणी मुरलं की तो 140 पर्यंत उतरू शकतो. वाफ दाबली जाते, म्हणून पाय खाली जातो. पेडल कायमच लिबलिबीत असतं तर लाइनमध्ये हवा म्हटलं असतं. सिग्नलला दाबून धरलेलं पेडल हळूहळू खाली बसत गेलं असतं तर मास्टर सिलिंडरचं (पेडलचा दाब ऑइलला देतो तो) रबर किट गेलं म्हटलं असतं.

पातळीवरून गळती कळते, ऑइलचं वय नाही. पॅड झिजले की पातळी थोडी उतरतेच. दर दोन वर्षांनी बदलायचं. नोंदच नसेल तर आज.

झेनवाला
रंगावरही जाऊ नका. माझं दिसायला स्वच्छ होतं, ओल तपासायचा टेस्टर पेन बुडवला तर लाल दिवा.

कुंभार्लीकर
घरी जमेल का? पेडल मारायला बायको तयार आहे.

पाना_नंबर_दहा
जमेल, पण जुन्या गाडीत दोन ठिकाणी फसायला होतं.

एक, निपल, म्हणजे जुनं ऑइल बाहेर सोडायचा चाकामागचा छोटा स्क्रू. कोकणातल्या पावसात ती गंजून धरलेली असतात. आदल्या रात्री गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा आणि सहाकोनी रिंग पानाच लावा. फिक्स पान्याने कोपरे गोल होतात, मग व्हील सिलिंडरच बदलायची वेळ येते.

दुसरं बरेच मेकॅनिकसुद्धा पाळत नाहीत. पेडल तळापर्यंत मारू द्यायचं नाही. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचं रबर जिथवर जातं, त्याच्या पुढच्या भागात गंज बसलेला असतो. तिथे ते घासलं की फाटतं, आणि धडधाकट सिलिंडर दुसऱ्या दिवशी बसतो. वहिनींच्या पायाखाली, पेडलच्या मागे, लाकडाचा ठोकळा ठेवा.

आधी टाकीतलं काळं ऑइल सिरिंजने ओढून काढा, नवं भरा, मग एकेका चाकाच्या निपलातून जुनं बाहेर काढा. कुठल्या चाकापासून सुरुवात करायची ते मॅन्युअलमध्ये बघा. मध्येच टाकी रिकामी होऊ दिली तर हवा शिरून सगळं पहिल्यापासून. ग्रेड झाकणावर लिहिलेला असतो. डॉट 3 च्या जागी डॉट 4 चालतं, डॉट 5 अजिबात नाही, ते सिलिकॉनचं. पेंटवर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

झेनवाला
उरलेलं ऑइल पुढच्या वेळी चालेल का?

पाना_नंबर_दहा
उघडा डबा नाही. बंद डब्यातलंच घ्या, लिटरभर आणा. आणि कुंभार्लीकर, काम झाल्यावर इंजिन चालू करून पेडल जोरात दाबून धरा, चारी निपलांखाली ओल नाही ना बघा, मगच गाडी गेटबाहेर काढा.