बेसमेंटमधला रुळावरचा कॅमेरा: काल रात्रीची चाचणी

बी-६०२ (कमिटी), सकाळी ७.४०
सुप्रभात. काल रात्री ११ ते १ ट्रायलसाठी बसवलेल्या रुळावरच्या कॅमेऱ्याची चाचणी घेतली. रविवारच्या मीटिंगमध्ये खर्चाचा विषय निघेल, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.
रूळ ८४ मीटर. कॅमेरा वाहून नेणारी ट्रॉली सेकंदाला अर्धा मीटर जाते. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला १६८ सेकंद, परत यायला तेवढेच. म्हणजे रॅम्पजवळची जागा एकदा दिसली की पुन्हा दिसेपर्यंत साडेपाच मिनिटं जातात. सायकलचं कुलूप तोडायला दोन मिनिटं खूप झाली. रॅम्पवरचा जुना कॅमेरा काढू नये, असं माझं ठाम मत आहे.

ए-१०३
मग नवा हवाच कशाला? आहेत ते चार पुरेत की.

बी-६०२ (कमिटी)
काका, चारही कॅमेरे खांबांना अडतात. पार्किंगच्या १४ आणि १५ नंबरच्या मधली जागा कुठल्याच फुटेजमध्ये येत नाही, आणि मागच्या महिन्यात सायकल गेली ती तिथूनच. ट्रॉली चार पावलं सरकली की खांब बाजूला होतो. काल ती जागा पहिल्यांदा स्क्रीनवर बघितली.

सी-५०४
दादा, नंबरप्लेट वाचता येते का?

बी-६०२ (कमिटी)
ताई, सुरुवातीला अजिबात नाही. शटर १/२५ वर होतं, म्हणजे एक चित्र टिपायला सेकंदाचा पंचविसावा भाग. तेवढ्यात ट्रॉली दोन सेंटिमीटर पुढे जाते, प्लेटवरच्या अक्षराची रेघही तेवढी जाड नसते. १/२५० केल्यावर आकडे सुटे दिसले, पण चित्र काळवंडलं. मागच्या कोपऱ्यातल्या दोन ट्यूब बंद आहेत, त्या आधी बदलायला हव्यात.
दुसरी अडचण अलर्टची, म्हणजे काही हललं की फोनवर येणाऱ्या सूचनेची. कॅमेराच चालता, त्यामुळे त्याला भिंतीसुद्धा हलताना दिसतात. माझा फोन थांबेचना. आता सहा ठिकाणी २० सेकंद थांबा दिलाय आणि अलर्ट फक्त थांब्यावर. पण त्यामुळे जाऊन-येऊन फेरी साडेनऊ मिनिटांवर गेली. मला तीनच थांबे पुरेसे वाटतात: १४ नंबर, मीटर रूम, लिफ्ट लॉबी.

ए-७०१
रूळ कुठे टांगलाय? बीमच्या खालून ड्रिल मारू देऊ नका, मुख्य सळया तिथेच असतात.

बी-६०२ (कमिटी)
सर, अँकर (रूळ धरणारे बोल्ट) स्लॅबमध्येच आहेत. पण एका जागी त्यांच्या माणसाने क्लॅम्प चक्क स्प्रिंकलरच्या पाइपला बांधला होता. रात्रीच सोडायला लावला. आगीच्या वेळी ज्या पाइपवर भरवसा ठेवायचा, त्यावर कसलाही भार नको.

ए-७०१
बरोबर. मी संध्याकाळी येऊन बघतो.

सी-२०१
लाइट गेली तर?

बी-६०२ (कमिटी)
मेन स्विच पाडून बघितला. ट्रॉली जागीच थांबली. लाइट आल्यावर आधी टोकाला जाऊन तिथल्या लिमिट स्विचला (रूळ संपल्याची खूण देणाऱ्या बटणाला) टेकली, मग फेरी सुरू केली. बंद पडल्यावर आपण रुळावर कुठे आहोत हे तिला कळत नाही, म्हणून ते टेकणं गरजेचं.
रुळाच्या तिसऱ्या सांध्यावर मात्र दरवेळी चित्र हादरतं. शिडीवर चढून बोट फिरवलं, नखाला अडेल एवढी पायरी आहे. ती घासून सपाट करायला सांगितलीय.

सी-५०४
रात्रीचे वॉचमन काका काल विचारत होते, आता राउंड मारायचा नाही का म्हणून. फार काळजीत दिसले.

बी-६०२ (कमिटी)
ताई, बरं केलंत सांगितलंत. राउंड चालूच राहणार आणि त्यांची ड्यूटीही. मी आत्ताच खाली जाऊन त्यांच्याशी बोलतो. काल शिडी धरून दोन तास तेच उभे होते.

ए-१०३
रेकॉर्डिंग किती दिवसांचं राहील?

बी-६०२ (कमिटी)
काका, ४ एमबीपीएसला (सेकंदाला ४ मेगाबिट) दिवसाला ४३ जीबी. २ टीबीची डिस्क फक्त या कॅमेऱ्याला दिली तर दीड महिना.
आज रात्री ११ ला पुन्हा चाचणी आहे. १४ आणि १५ नंबरवाल्यांनी गाड्या साडेदहापर्यंत वर काढाव्यात, सांध्याखाली शिडी लावायची आहे.

सी-२०१
१५ नंबर आमचा. काढतो.