मदत हवी आहे: लेकीला कॉलेजात बेसबॉलच खेळायचाय

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत असतो. लेक अकरावीत आहे, सात वर्षांची असल्यापासून मुलांच्या टीममध्ये बेसबॉल खेळते. डावखुरी पिचर (म्हणजे चेंडू टाकणारी). आता शाळेतले कोच म्हणतात, "सॉफ्टबॉलकडे वळवा, स्कॉलरशिप तरी मिळेल." तिला ते ऐकवतसुद्धा नाही. सॉफ्टबॉलचा चेंडू मोठा, बेसमधलं (धावताना गाठायच्या टप्प्यांमधलं) अंतर ९० फुटांऐवजी ६०, आणि पिचिंग खालून हात फिरवून! इतक्या वर्षांत घोटवलेला हात तिथे काय कामाचा?

तिच्या टेबलासमोर ऑलिव्हिया पिचार्डोचा फोटो चिकटवलाय. ब्राउन विद्यापीठात ट्रायआउट (निवड चाचणी) देऊन ती टीममध्ये आली आणि मार्च २०२३ मध्ये डिव्हिजन वनच्या (कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या स्तराच्या) बेसबॉल सामन्यात खेळणारी पहिली मुलगी ठरली. आयला बॉर्डर्स तर १९९४ मध्येच कॉलेजच्या सामन्यात पिचर म्हणून उतरली होती, तेही स्कॉलरशिपवर. म्हणजे दार अगदीच बंद नाही, पण आत गेलेल्या मुली बोटांवर मोजण्याइतक्याच. (माझी आई पुण्याहून रोज विचारते, "क्रिकेट का नाही खेळत ती?" तिला काय सांगू!)

तर कुणाची मुलं कॉलेजात बेसबॉल खेळत असतील तर सांगा: कोचना पहिला ईमेल मुलीने लिहायचा की आम्ही? व्हिडिओत पिचिंगचा वेग दाखवावा का? तिचा सध्या ताशी ७२ मैल आहे. डिव्हिजन थ्रीची छोटी कॉलेजं आधी गाठावीत का? आणि मुलगी आहे हे पहिल्याच ओळीत सांगावं, की आधी व्हिडिओ बघू द्यावा? यावरून घरात दोन तट पडलेत.