मदत हवी आहे: अमेरिकेतल्या नागरी हक्क चळवळीचा ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या लढ्यावर नेमका परिणाम काय?

अनघा_आर

नमस्कार मंडळी. आमच्या अभ्यासमंडळात या विषयावर तासाभराची मांडणी करायची आहे. वाचनात पुन्हा पुन्हा एकच सरळ रेघ येते: अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांची चळवळ झाली, ती पाहून 1965 साली ऑस्ट्रेलियात 'फ्रीडम राइड' (भेदभावाविरुद्धचा निषेधाचा बसप्रवास) निघाली आणि 1967 च्या सार्वमताने तिथल्या आदिवासींना मताचा अधिकार मिळाला. यातलं शेवटचं वाक्य खोटं आहे एवढं कळलंय, त्यामुळे आता पहिल्या दोन वाक्यांवरही भरवसा वाटेना.

माझे प्रश्न असे. अमेरिकेतून नक्की काय घेतलं गेलं: विचार, पद्धत की नुसतं नाव? हा प्रभाव 1965 लाच सुरू होतो का? आणि जमिनीचा प्रश्न या चौकटीत कुठे बसतो? तिथल्या चळवळीत तो सगळ्यात मोठा दिसतो, पण अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लढ्यात तसा दिसत नाही. जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

दक्षिणवारा

अनघाताई, आधी ते सार्वमत बाजूला काढतो, म्हणजे पुढचं नीट लागेल. राष्ट्रीय निवडणुकीत मत देण्याचा अधिकार सर्व आदिवासींना 1962 च्या कायद्याने मिळाला. राज्याच्या निवडणुकीत क्वीन्सलंडने सगळ्यात शेवटी, 1965 मध्ये दिला. 27 मे 1967 च्या सार्वमताने राज्यघटनेत दोनच बदल केले: आदिवासींसाठी कायदे करण्याचा अधिकार केंद्राला मिळाला आणि लोकसंख्या मोजताना त्यांना वगळणारं कलम 127 रद्द झालं. बाजूने 90.77 टक्के मतं पडली. मताधिकार नाही, नागरिकत्व नाही. मांडणीत हे स्पष्ट सांगाच, कारण ऑस्ट्रेलियातसुद्धा ही चूक सर्रास होते.

आता फ्रीडम राइड. मे 1964 मध्ये सिडनी विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी अमेरिकी वकिलातीसमोर तिथल्या नागरी हक्क विधेयकाच्या बाजूने निदर्शनं केली. त्यावर टीका झाली की परक्या देशातल्या भेदभावावर ओरडता, स्वतःच्या देशातल्या आदिवासींचं काय? टीका झोंबणारी होती आणि खरीही होती. त्याच वर्षी 'स्टुडंट अ‍ॅक्शन फॉर अ‍ॅबोरिजिन्स' ही संघटना उभी राहिली. अध्यक्ष झाले चार्ल्स पर्किन्स, अ‍ॅलिस स्प्रिंग्सचे अरेंटे समाजाचे, व्यावसायिक फुटबॉल खेळून मग विद्यापीठात आलेले. 12 फेब्रुवारी 1965 ला सुमारे 30 विद्यार्थ्यांची बस सिडनीहून निघाली, न्यू साउथ वेल्सच्या ग्रामीण भागात फिरली आणि 26 तारखेला परतली.

नाव आणि बसची कल्पना अमेरिकेची हे निर्विवाद. पण दोन्ही बसमागचं यंत्र वेगळं होतं, आणि तुमच्या मांडणीचा कणा मी इथे ठेवेन.

मे 1961 मध्ये वॉशिंग्टनहून निघालेल्या मूळ अमेरिकी फ्रीडम राइडच्या प्रवाशांच्या हातात कायदा होता. 1960 च्या बॉयन्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आंतरराज्य प्रवाशांसाठीच्या स्थानकांवरचं गोरे-काळे विभाजन बेकायदा ठरवलं होतं. दक्षिणेतली राज्यं तो निकाल पाळत नाहीत हे उघडं पाडायचं आणि केंद्र सरकारला हात घालायला भाग पाडायचं, असा डाव होता. अलाबामातल्या अ‍ॅनिस्टनला बस जाळली गेली तरी हा लढा थांबला नाही आणि 1 नोव्हेंबर 1961 पासून असं विभाजन बंद करणारा केंद्रीय आयोगाचा आदेश लागू झाला.

ऑस्ट्रेलियात असा कायदाच नव्हता. भेदभावाविरुद्धचा राष्ट्रीय कायदा आला थेट 1975 मध्ये. म्हणजे न्यायालयाचं दार बंद. मग हत्यार काय उरलं? सर्वेक्षण आणि प्रसिद्धी. विद्यार्थी छापील प्रश्नावली घेऊन निघाले होते. घर, आरोग्य, शिक्षण यांची स्थिती विचारायची, गोऱ्या रहिवाशांची मतंही नोंदवायची, आणि कुठल्या गावात कुठल्या जागी बंदी आहे हे कळलं की तिथेच फलक घेऊन उभं राहायचं.

दक्षिणवारा

(पुढे) वॉलगेटमध्ये 15 फेब्रुवारीला माजी सैनिकांच्या आरएसएल क्लबसमोर निदर्शनं झाली. देशासाठी लढलेल्या आदिवासी सैनिकांना तिथे सभासदत्व नव्हतं. रात्री विद्यार्थ्यांना मुक्कामाच्या चर्चच्या सभागृहातून बाहेर काढलं गेलं आणि गावाबाहेर एका ट्रकने बस रस्त्याखाली ढकलली. ती बातमी सिडनीच्या वर्तमानपत्रांत झळकली आणि तिथून पत्रकार बसच्या मागे लागले. या प्रवासाचा खरा सांधा तो आहे. त्याआधी हा विद्यार्थ्यांचा दौरा होता, त्यानंतर देशाची बातमी झाली.

मोरी गावात नगरपालिकेच्या 1955 च्या ठरावाने आदिवासींना तलावात पोहायला बंदी होती. विद्यार्थी वस्तीवरच्या मुलांना घेऊन दाराशी गेले, वाद घालून आत शिरले, मुलं पोहली. बस पुढच्या गावाला गेली आणि बंदी परत लागू! म्हणून 20 फेब्रुवारीला बस माघारी आली. मोठा जमाव जमला, अंडी-टोमॅटो फेकले गेले, विद्यार्थ्यांना धक्काबुक्की झाली. शेवटी महापौरांनी ठराव मागे घेण्याचं मान्य केलं.

बाहेरून येणाऱ्या बसची मर्यादा इथेच कळते. बस निघून जाते, गाव तिथेच राहतं. स्थानिक आदिवासी संघटना आणि त्यांना साथ देणारे गोरे रहिवासी नसतील, तर ठराव कागदावर बदलतो आणि दारावरचा माणूस तसाच वागत राहतो.

नागपूरकर_मास्तर

उत्तम माहिती. मोरीचा तलाव वाचून महाडचं चवदार तळं आठवणारच, पण मांडताना फरक सांभाळा. महाड नगरपालिकेचा 1924 चा ठराव तळं खुलं करणारा होता आणि तो अंमलात येत नव्हता, म्हणून 20 मार्च 1927 चा सत्याग्रह झाला. मोरीचा ठराव बंदी घालणारा होता. या अर्थी महाड अमेरिकी फ्रीडम राइडच्या जास्त जवळ आहे: हक्क कागदावर आहे, तो बजावून दाखवायचा. आणि महाडहून मोरीपर्यंत थेट धागा असल्याचा आभास होऊ देऊ नका, तसा पुरावा नाही.

थेट धागा आहे तो नागपूरचा. जेम्स लॉसन हे अमेरिकी कृष्णवर्णीय मिशनरी 1953 ते 1956 या काळात नागपुरात होते, हिस्लॉप कॉलेजात. गांधीजींच्या पद्धतीचा अभ्यास त्यांनी इथे केला, आणि माँटगोमेरीत कृष्णवर्णीयांनी विभाजनाविरुद्ध केलेल्या बस बहिष्काराची बातमीही त्यांनी इथल्याच वर्तमानपत्रात वाचली. परत गेल्यावर नॅशव्हिलमध्ये त्यांनी विद्यार्थ्यांच्या कार्यशाळा घेतल्या. अर्ध्या मुलांनी शिव्या द्यायच्या, ढकलायचं, उरलेल्यांनी उलट हात न उगारता डोकं झाकून बसायचं, मग भूमिका बदलायच्या. 1961 मध्ये पहिली तुकडी हल्ल्यांमुळे थांबली तेव्हा फ्रीडम राइड पुढे नेली ती याच नॅशव्हिलच्या मुलांनी. त्या उदाहरणावरून सिडनीची बस निघाली.

अनघा_आर

दोघांचे मनापासून आभार. 'हातात कायदा असलेली बस आणि नसलेली बस' ही मांडणी फार उपयोगी आहे. आता 1965 च्या आधीचं आणि जमिनीचं कुणी सांगेल का? अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेचाही उल्लेख सापडतो, तो कितपत खरा?

कोरडी_नदी

आधीचं थोडक्यात सांगते. सिडनीच्या गोदीत काम करणारे आदिवासी कामगार आणि जहाजांवरचे कृष्णवर्णीय खलाशी यांचा संपर्क विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून होता. अमेरिकेत काम करणारे कृष्णवर्णीय नेते मार्कस गार्वे यांच्या संघटनेची शाखा 1920 च्या दशकात सिडनीत होती. आदिवासी नेते फ्रेड मेनार्ड यांनी 1924-25 मध्ये 'ऑस्ट्रेलियन अ‍ॅबोरिजिनल प्रोग्रेसिव्ह असोसिएशन' उभी केली, तिचं घोषवाक्य 'एक देव, एक ध्येय, एक नियती' हे गार्वे यांच्या संघटनेचंच आहे. पण मागण्या पाहा: प्रत्येक कुटुंबाला जमीन, आणि मुलांना आईबापांपासून तोडणं बंद करा. घोषवाक्य समुद्रापलीकडचं, मागणी इथल्या मातीतली. हाच आकृतिबंध पुढे पुन्हा पुन्हा दिसतो.

ब्लॅक पँथरचं खरं आहे, आणि माझ्या मते फ्रीडम राइडपेक्षा तो प्रभाव खोल आहे. व्हिएतनाम युद्धातून सुट्टीवर येणाऱ्या कृष्णवर्णीय अमेरिकी सैनिकांमार्फत पुस्तकं आणि विचार सिडनीत पोचत होते. ऑगस्ट 1969 मध्ये बर्म्युडाचे कृष्णवर्णीय नेते रूझवेल्ट ब्राउन मेलबर्नच्या आदिवासी कार्यकर्त्यांच्या निमंत्रणावरून आले आणि 'ब्लॅक पॉवर' (कृष्णवर्णीयांनी स्वतःची सत्ता उभी करावी हा विचार) हा शब्द तिथल्या वर्तमानपत्रांत गाजला. सप्टेंबर 1970 मध्ये पाच आदिवासी प्रतिनिधी अटलांटाच्या आफ्रिकी जनांच्या परिषदेला गेले.

पद्धत कशी बदलून घेतली ते सिडनीच्या रेडफर्न भागात बघा. अमेरिकेतल्या ओकलंडचे पँथर पोलिसांवर नजर ठेवायला त्यांच्या गाडीमागे बंदुका आणि कायद्याचं पुस्तक घेऊन फिरत, कारण कॅलिफोर्नियात 1967 पर्यंत भरलेलं शस्त्र उघड बाळगणं कायदेशीर होतं. रेडफर्नमध्ये ते शक्य नव्हतं आणि केलं असतं तर आत्मघात ठरला असता. पॉल को, गॅरी फोली, गॅरी विल्यम्स या तरुणांनी वही-पेन्सिल घेतली. दारूच्या गुत्त्यांबाहेर आदिवासींना पोलीस गाडीत कसं कोंबलं जातं ते नोंदवायला सुरुवात केली. त्या नोंदी न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या विधी शाखेचे प्रमुख हॅल वूटन यांच्यापर्यंत पोचल्या, स्वयंसेवी वकील जमले आणि डिसेंबर 1970 मध्ये आदिवासी कायदा सेवा सुरू झाली. जुलै 1971 मध्ये आरोग्य सेवा, मग मुलांसाठी सकाळची न्याहारी. पँथरांचा न्याहारी कार्यक्रम जानेवारी 1969 चा. मुंबईत दलित पँथर 1972 मध्ये स्थापन झाली, त्याच वर्षी जानेवारीत ब्रिस्बेनमध्येही ब्लॅक पँथरची शाखा निघाली. दोन्हींचा उगम एकच, पण त्यांना एकमेकांची शिष्य ठरवू नका.

जमीन हा मात्र पूर्ण वेगळा प्रवाह आहे. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या यिरकालाच्या आदिवासी लोकांनी झाडाच्या सालीवर चितारलेली याचिका संसदेला पाठवली 1963 मध्ये, आपल्या जमिनीवर खाणीला परवानगी दिल्याच्या विरोधात. 23 ऑगस्ट 1966 ला विन्सेंट लिंगियारी यांच्या नेतृत्वाखाली गुरिंदजी आदिवासी काम सोडून वेव्ह हिलच्या गुरांच्या मळ्यातून बाहेर पडले. सुरुवातीला मजुरीचा संप वाटला, पण त्यांना हवी होती स्वतःची जमीन. यात अमेरिकी चळवळीची नक्कल कुठेच नाही. समान प्रवेश मागणाऱ्याला देशाच्या आत जागा हवी असते. गुरिंदजी म्हणत होते की जागा आमचीच आहे, तुम्ही बाहेरून आलात.

26 जानेवारी 1972 ला हे प्रवाह कॅनबेरात एकत्र आले. आदल्या दिवशी पंतप्रधान मॅकमॅहन यांनी जमिनीच्या हक्काऐवजी भाडेपट्टे देऊ केले होते. चार तरुणांनी जुन्या संसद भवनासमोरच्या हिरवळीवर समुद्रकिनाऱ्यावरची छत्री रोवली आणि तिला आदिवासींचा दूतावास म्हटलं. कार्यकर्ते ब्लॅक पॉवरच्या शाळेतले, मागणी यिरकाला आणि वेव्ह हिलची. दूतावास परक्या देशात असतो, त्यामुळे समानतेची भाषा तिथे मागे पडून सार्वभौमत्वाची पुढे आली.

दक्षिणवारा

कोरडी_नदी यांच्याशी सहमत, पण 'पूर्ण वेगळा प्रवाह' याला एक जोड हवी. 1975 चा वंशभेदविरोधी कायदा संयुक्त राष्ट्रांच्या 1965 च्या करारावर उभा आहे, आणि त्या करारामागे नव्याने स्वतंत्र झालेल्या आफ्रिकी देशांचा रेटा होता. विक समाजाचे जॉन कुवार्ता यांच्या गटासाठी गुरांच्या मळ्याचा पट्टा विकत घ्यायचा होता, क्वीन्सलंड सरकारने अडवलं. त्यावरच्या खटल्यात 1982 मध्ये उच्च न्यायालयाने (ऑस्ट्रेलियात तेच सर्वोच्च) 4 विरुद्ध 3 मतांनी 1975 चा हा कायदा वैध ठरवला. पुढे टोरेस सामुद्रधुनीतल्या बेटावरच्या पारंपरिक जमीनहक्कासाठी एडी माबो आणि सहकाऱ्यांचा दावा चालू असतानाच क्वीन्सलंडने 1985 मध्ये कायदा करून बेटांवरचे पारंपरिक हक्क पूर्वलक्षी प्रभावाने संपवायचा प्रयत्न केला. 1988 मध्ये तो कायदा याच वंशभेदविरोधी कायद्याच्या आधारे पाडला गेला, पुन्हा 4 विरुद्ध 3. तो एक न्यायाधीश दुसऱ्या बाजूला असता तर पारंपरिक जमीनहक्क मान्य करणारा 3 जून 1992 चा माबो निकाल आलाच नसता. समानतेच्या कायद्याने जमिनीचा दावा जिवंत ठेवला.

कोरडी_नदी

ही जोड मान्य, आणि महत्त्वाची आहे.

अनघाताई, मूळ बातम्या बघायच्या असतील तर ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं 'ट्रोव्ह' हे ऑनलाइन भांडार मोफत आहे. तिथे 'सिडनी मॉर्निंग हेराल्ड' फक्त 1954 पर्यंत आहे, त्यामुळे 1965 चा शोध रिकामा आला तर घाबरू नका. 'कॅनबेरा टाइम्स' आणि कम्युनिस्ट पक्षाचं 'ट्रिब्यून' त्या वर्षांसाठी मिळतात. शोधताना आजचा 'इंडिजिनस' शब्द टाकलात तर फारसं काही हाती लागणार नाही. तेव्हाचा 'अ‍ॅबोरिजिन्स' टाका, सोबत गावाचं नाव आणि तारखेची मर्यादा फेब्रुवारी-मार्च 1965. दोन्ही पत्रांतली एकाच घटनेची बातमी शेजारी ठेवून वाचा, कारण ट्रिब्यून चळवळीच्या बाजूने लिहीत असे. आणि पडद्यावर छायाचित्रं दाखवणार असाल तर आधी सूचना द्या: दिवंगत व्यक्तींची नावं आणि चित्रं अचानक समोर येणं अनेक आदिवासी समाजांत क्लेशदायक मानलं जातं, म्हणून तिथल्या संग्रहांमध्येही अशी सूचना सुरुवातीलाच असते.