तौलनिक साहित्याचा इतिहास आणि सिद्धान्त : अभ्यास कोठून सुरू करावा?

प्रश्न – कुडाळची विद्यार्थिनी

मराठी विषयात एम. ए. पूर्ण केल्यानंतर तौलनिक साहित्याभ्यासाकडे वळावे, असा माझा विचार आहे. हाती आलेली पुस्तके वाचताना फ्रेंच संप्रदाय, अमेरिकन संप्रदाय अशी नावे आणि साले पाठ होतात. परंतु एका भूमिकेतून दुसरी का निघाली, हे उमगत नाही. मला मराठी, मालवणी व हिंदी येते, इंग्रजी वाचता येते. फ्रेंच किंवा जर्मन येत नाही. घरच्या जबाबदारीमुळे निदान यंदा तरी जिल्ह्याबाहेर राहणे शक्य नाही. अशा स्थितीत वाचनाचा क्रम कसा ठेवावा? पुढे आपला दशावतार आणि कर्नाटकातील यक्षगान या लोकनाट्यांच्या तुलनेवर काम करण्याची इच्छा आहे.

उत्तर – रत्नागिरीतील निवृत्त प्राध्यापक

आपली अडचण पाठ्यपुस्तकांच्या मांडणीतून आलेली आहे. या विषयाचा इतिहास हा वादांचा इतिहास आहे आणि तो तसाच वाचला पाहिजे. चिनी कादंबरी अनुवादातून वाचून जर्मन कवी गटे यांनी १८२७ मध्ये आपले सहायक एकेरमान यांच्याशी बोलताना विश्वसाहित्याची, म्हणजे साऱ्या जगाच्या सामाईक साहित्याची, कल्पना मांडली, तेव्हा तिच्यामागे कोणतीही अभ्यासपद्धती नव्हती. पद्धती घडवण्याचा प्रयत्न पुढे झाला. आयरिश अभ्यासक पॉस्नेट यांनी १८८६ च्या ग्रंथात समाजाच्या उत्क्रांतीशी साहित्याची सांगड घातली, तर फ्रेंच अभ्यासकांनी, विशेषतः १९३१ मध्ये व्हान टीगेम यांनी, एका लेखकाचा दुसऱ्या देशातील लेखकावर पडलेला प्रभाव पुराव्यानिशी सिद्ध करण्यावर भर दिला.

या पद्धतीत शिस्त होती. पण आपल्या देशाने इतरांना किती दिले, याची जमाखर्चाची वहीही त्यातून तयार होऊ लागली. प्राग येथे शिकून अमेरिकेत स्थायिक झालेल्या रेने वेलेक यांनी १९५८ मध्ये चॅपेल हिल येथील परिषदेत नेमका यावरच हल्ला चढवला आणि साहित्यकृतीच्या कलात्मक स्वरूपाकडे परत जाण्याचा आग्रह धरला; हीच अमेरिकन संप्रदायाची भूमिका. त्या परिषदेत वाचलेला वेलेक यांचा निबंध व्हान टीगेम यांची भूमिका समजून घेतल्यावरच वाचावा, अन्यथा ते कोणाशी भांडत आहेत हेच कळत नाही.

आणखी एक गोष्ट. रवीन्द्रनाथांनी १९०७ मध्ये कलकत्त्यात विश्वसाहित्यावर व्याख्यान दिले. आपली पुस्तके मात्र ते शेवटच्या ‘भारतातील स्थिती’ या प्रकरणात ढकलतात. कालक्रमाने ते पॉस्नेट आणि व्हान टीगेम यांच्यामध्ये येते. तेथेच ठेवून वाचल्यास चित्र पुष्कळ बदलते.

उत्तर – वेंगुर्ल्याचा एक वाचक

सरांचा क्रम योग्य असला, तरी एवढे सगळे आधी वाचून मग साहित्यकृतीकडे यायचे म्हटल्यास वर्ष सिद्धान्तातच जाईल. मी एकच ग्रंथ समोर ठेवून प्रत्येक सिद्धान्त त्याच्यावर लावून पाहण्याचे सुचवीन, आणि तो ग्रंथ आपल्या किनाऱ्याचाच आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मोपदेशकाचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात रायतूर येथे रोमी लिपीत छापले गेले. सुमारे ११,००० ओव्यांच्या या मराठी काव्यात बायबलमधील कथा पुराणाच्या घाटात आली आहे.

प्रभावाचा अभ्यासक येथे विचारील की, स्टीफन्स यांच्यासमोर कोणते मराठी ग्रंथ होते. वेलेक यांचा अनुयायी एकनाथांची ओवी आणि ही ओवी शेजारी ठेवून रचना तपासील. यानंतरचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पोर्तुगीज सत्तेने हिंदू धर्मग्रंथांवर बंदी आणलेल्या प्रदेशात हे काव्य लिहिले गेले आणि जुन्या पुराणांच्या जागी आम्हांला दुसरे काही द्यावे, अशी मागणी करणारा श्रोता त्या काव्यातच येतो. मग ही दोन साहित्यांची भेट म्हणायची की एकाला हटवून दुसऱ्याने घेतलेली जागा? सत्तेचा हा प्रश्न फ्रेंच आणि अमेरिकन या दोन्ही संप्रदायांच्या चौकटीत मावत नाही. म्हणून साहित्य आणि सत्ता यांच्या नात्यावर लिहिणाऱ्या गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांचे ‘डेथ ऑफ अ डिसिप्लिन’ हे २००३ चे पुस्तक यानंतर हाती घ्यावे. यासाठी फ्रेंच-जर्मनची सक्ती नाही. पोर्तुगीज पुढेमागे शिकता आली, तर मात्र उत्तम.

उत्तर – रत्नागिरीतील निवृत्त प्राध्यापक

‘क्रिस्तपुराणा’ची सूचना मला मान्य आहे; सिद्धान्त आणि ग्रंथ सोबत चालवावेत.

दशावतार आणि यक्षगान यांच्याविषयी मात्र थोडा सावधगिरीचा इशारा देतो. दोन्हींत रात्रभर चालणारा प्रयोग, पौराणिक आख्यान, उत्स्फूर्त संवाद आणि आरंभीचे गणेशस्तवन आढळते, म्हणून एक दुसऱ्यापासून निघाला असे पुष्कळजण ठामपणे लिहितात. साम्य हा संपर्काचा पुरावा नव्हे. समान कथासाठा आणि देवळांच्या जत्रांसारखी मिळतीजुळती सामाजिक व्यवस्था यांमुळेही असे साम्य निर्माण होऊ शकते. संपर्क सिद्ध करायचा असेल, तर मंडळ्यांचे प्रवास, आश्रयदाते आणि हस्तलिखिते शोधावी लागतील, आणि यक्षगानाचे ‘प्रसंग’, म्हणजे त्याच्या संहिता, मुळातून वाचण्यासाठी कन्नड अपरिहार्य आहे.

प्रतिसाद – कुडाळची विद्यार्थिनी

दोघांचेही आभार. ‘क्रिस्तपुराण’ आणि व्हान टीगेम यांची भूमिका यांपासून सुरुवात करते, मग वेलेक यांचा निबंध घेते व कन्नडची तयारीही त्याच सोबत ठेवते. पुढे प्रवेश घ्यायचा झाल्यास कोणत्या विद्यापीठांचा विचार करावा?

उत्तर – वेंगुर्ल्याचा एक वाचक

बंगाली कवी बुद्धदेव बसू यांनी १९५६ मध्ये उभारलेला कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठाचा विभाग देशातील सर्वांत जुना आहे. परंतु आपला विषय कन्नडसारख्या दक्षिणेकडील भाषेशी निगडित असल्यामुळे हैदराबाद विद्यापीठाचे तौलनिक साहित्य केंद्र आधी पाहावे. तौलनिक साहित्य हा ‘नेट’ परीक्षेतही स्वतंत्र विषय आहे, त्यामुळे मराठीऐवजी तो घेण्याचा पर्यायही आपल्यासमोर राहील.