कलिनाचं गाणं आणि त्याचा कवी

युक्रेनचं 'चेरवोना कलिना' (लाल कलिना) हे गाणं अनामिक लोकगीत आहे, असं म्हटलं जातं. अर्धं खरं आहे. मूळ गाणं कोसॅकांचं, म्हणजे युक्रेनच्या जुन्या लढवय्यांचं, आणि जुनंच, पण आज आपण ऐकतो त्या रूपामागे एक माणूस आहे, त्याचं नाव राहून जाऊ नये असं मनापासून वाटतं. स्तेपान चार्नेत्स्की, कवी आणि ल्विव्हमधला नाट्यदिग्दर्शक. १९१४ साली एक ऐतिहासिक नाटक बसवताना त्याला शेवटचं उदास गाणं पटेना, म्हणून त्याने हे घातलं. तिथून ते सिच रायफलमनांनी उचललं. हे ऑस्ट्रियाच्या सैन्यातून रशियाविरुद्ध लढलेले युक्रेनी स्वयंसेवक. पुढची कडवी त्यांच्यातल्याच ह्रिहोरी त्रुखने जोडली.

कलिना म्हणजे लाल फळांच्या घोसांचं झुडूप. कुरणात ते खाली वाकलंय, आम्ही त्याला पुन्हा उभं करू आणि आपल्या युक्रेनला आनंदी करू, असं गाणं म्हणतं. एवढ्यासाठी सोव्हिएत काळात लोकांना शिक्षा झाल्या!

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने हल्ला केल्यावर 'बूमबॉक्स' या युक्रेनी बँडचा गायक आंद्री ख्लिव्ह्न्यूक अमेरिकेचा दौरा अर्धवट टाकून परतला आणि कीव्हच्या सोफिया चौकात उभं राहून हेच गायला. अंगावर लष्करी कपडे, गळ्यात बंदूक, साथीला एकही वाद्य नाही. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडने एप्रिलमध्ये त्याच आवाजावर आपलं गाणं बांधलं. पण आधी तो साथीविना आवाज ऐकाच, अंगावर काटा येतो.

युक्रेनच्या राष्ट्रगीताबद्दलही एक भर: शब्द लिहिणारा पाव्लो चुबिन्स्की रशियन झारच्या राज्यातला, १८६२ मध्ये उत्तर रशियातल्या अर्खांगेल्स्ककडे हद्दपार झालेला. चाल देणारे पाद्री मिखाइलो वेर्बित्स्की मात्र तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यात असलेल्या गॅलिसिया प्रांतातले.